पुतळ्याची पाठ: नौपाड्यातल्या एका साडी दुकानाचा मार्चअखेर

ठाण्यात नौपाड्यातल्या गोखले रोडवर एक साडीचं दुकान. दर्शनी भाग १४ फूट, वर पोटमाळा, मालकी एकट्याची. मे २०२५मध्ये मालकाने आपल्या सहकारी बँकेकडे कॅश क्रेडिटची (माल फिरवण्यासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाची) मर्यादा ६० लाखांवरून १ कोटीपर्यंत वाढवून मागितली आणि अर्जासोबत ३१ मार्चचा तात्पुरता ताळेबंद जोडला. त्यात चालू गुणोत्तर, म्हणजे वर्षभरात पैसा होणारी मालमत्ता भागिले वर्षभरात फेडायची देणी, १.३७ होतं. तपासणी संपली तेव्हा ते ०.९० निघालं.

हे दुकान आम्ही अभ्यासासाठी कागदावर उभं केलं आहे. त्यातल्या चाली मात्र बाजारात नेहमी दिसणाऱ्या आहेत. सगळे आकडे लाखांत आहेत आणि हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून जीएसटीची रक्कम त्यातून वगळली आहे.

काचेत गेलेले २४

२०२४च्या गणपतीआधी दुकानाचं तोंड बदललं. लाकूडकाम आणि कपाटं ८.३, काच व स्टीलचा सांगाडा ५.५, एसी ४, दिवे आणि वायरिंग ३.२, पाटी १.८, आठ पुतळे १.२. एकूण २४.

काम चांगलं झालं होतं, हे मान्य करायला हवं. १२ मिलिमीटरची टफन्ड काच, ३००० केल्विनचे पिवळसर दिवे, त्यातही सीआरआय ९०च्या वरचे, म्हणजे अंजिरी रंग अंजिरीच दिसतो, तपकिरी होत नाही. दुकानाचं तोंड पश्चिमेला. तीननंतर ऊन समोरून येतं आणि काचेत साडीऐवजी रिक्षा दिसू लागतात, म्हणून वर अडीच फुटांचा छज्जा काढला आणि दुपारचे दिवे वाढवले. उन्हाने रेशीम विटतं, घडीच्या रेषेवर पट्टा पडतो. त्यामुळे काचेतला माल दर दहा-बारा दिवसांनी बदलायचा, असा नियम केला.

काचेतल्या पुतळ्याच्या मागे जाऊन पाहिलं तर वेगळंच दृश्य असतं. डझनभर सेफ्टी पिना, ब्लाउज अंगाबरोबर दिसावा म्हणून मागून लावलेले चिमटे, निऱ्या ताठ राहाव्यात म्हणून आत पुठ्ठा. वरच्या फळीवर ओळीने मांडलेली खोकीही बहुतेक रिकामीच. यात फसवणूक काही नाही. गिऱ्हाईकाला हे ठाऊक असतं. ते आत येतं, पदर हातात घेतं, उजेडात धरून बघतं आणि मग पैसे देतं. काचेला पाठ असते आणि ती कोणालाही बघता येते.

चूक झाली ती पैसा कुठून आणला यात. हे २४ लाख कॅश क्रेडिटच्या खात्यातून गेले. ते खातं माल फिरवण्यासाठी असतं: माल घ्या, विका, पैसे परत भरा. काच विकली जात नाही. चार-पाच वर्षांच्या मुदत कर्जाने करायचं काम तीन महिन्यांत फिरणाऱ्या पैशाने केलं की तो पैसा तिथेच रुततो. विक्री ४०५वरून ४२०पर्यंतच गेली. खातं दिवाळीपासून ५८-५९वर चिकटलं, सुरतेच्या व्यापाऱ्यांची देणी लांबली आणि मार्च जवळ आला.

३१ मार्चला काय दिसत होतं

चालू मालमत्ता: माल १४२, उधारीची येणी ३८, रोख व बँक ९, पुरवठादारांना आगाऊ ६. एकूण १९५.

चालू देणी: कॅश क्रेडिट ४४, व्यापाऱ्यांची देणी ८४, इतर १४. एकूण १४२.

भागाकार १.३७. बँकवाल्यांच्या डोक्यात १.३३ हा आकडा टंडन समितीच्या १९७५च्या अहवालापासून घट्ट बसलेला आहे. चालू मालमत्तेचा चौथा हिस्सा मालकाच्या दीर्घ मुदतीच्या पैशातून यावा, असं त्या अहवालातली दुसरी पद्धत सांगते. त्याचं गणित केलं की १.३३ येतं. लहान मर्यादांसाठी मात्र नायक समितीची सोपी रीत वापरतात: पुढच्या वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या २० टक्के. मालकाने विक्री ४३४ दाखवली आणि पुढचा अंदाज ५२० दिला. ५२०चे २० टक्के १०४. म्हणून मागणी १ कोटीची. विक्री फुगवण्याचं आणि गुणोत्तर १.३३च्या जरा वर ठेवण्याचं कारण एवढंच होतं.

कर्ज विभागातल्या अधिकारी मॅडमना पहिली खटकली ती तारीख. २०२५चा पाडवा ३० मार्चला, रविवारी होता. कौपिनेश्वर मंदिरापासून स्वागतयात्रा निघते त्या सकाळपर्यंत ठाण्यातल्या साडीवाल्याचा बराचसा माल विकून झालेला असतो. मग पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी वर्षातला सर्वांत जास्त साठा कसा? मालकाचं उत्तर तयार होतं: "मॅडम, लग्नसराई तोंडावर आहे, बस्त्यांचा माल आधी भरावा लागतो." उत्तर खरं होतं. माल आलाच होता. त्याचं बिल तेवढं मार्चच्या वहीत नव्हतं.

माल आत, बिल बाहेर

सुरतेहून १८ लाखांचा माल आला. व्यापाऱ्याच्या बिलाची तारीख २६ मार्च, बिल्टी (वाहतूकदाराची पावती) २७ची, भिवंडीच्या गोदामातून टेम्पो दुकानात पोचला २९ला. ३१ तारखेच्या साठ्यात हा माल मोजला गेला. खरेदीची नोंद झाली ४ एप्रिलला. म्हणजे मालमत्ता १८ने वाढली, देणं वाढलंच नाही. खरेदी १८ने कमी दिसल्यामुळे नफाही तेवढाच फुगला. एका न केलेल्या नोंदीने तीन ठिकाणी काम केलं.

हे पकडायला दुकानात जावंसुद्धा लागत नाही. सुरतेच्या व्यापाऱ्याने मार्चचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) मुदतीत, ११ एप्रिलपर्यंत, भरलं की ते बिल १४ एप्रिलला ठाण्याच्या दुकानाच्या मार्चच्या २बी मध्ये, म्हणजे खरेदीच्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत, आपोआप उमटतं. मार्चचं २बी आणि मार्चची खरेदी-खतावणी शेजारी ठेवायची. २बी मध्ये आहे पण वहीत नाही, अशी बिलं वेगळी काढायची आणि त्यातल्या प्रत्येकाचं ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) मागायचं. राज्याबाहेरून ५० हजारांच्या वरचा माल आला तर ते असतंच. त्यावर तारीख असते, गाडीचा नंबर असतो. "बिल उशिरा हाती आलं" ही सबब इथे चालत नाही. बिल आलं नसेल तरी मोजलेल्या मालाचं देणं धरावंच लागतं. ते धरायचं नसेल तर माल मोजायचा नाही.

पंधरा बिलं

दुसरी चाल विक्रीची. २८ आणि २९ मार्चला डोंबिवलीतल्या नात्यातल्या बुटिकच्या नावाने १५ बिलं फाडली. एकूण १४ लाख, प्रत्येक बिल ९० ते ९५ हजारांचं. हे आकडे असे का, हे ठाण्यातल्या कुठल्याही हिशेबनिसाला लगेच कळेल: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात करासह १ लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही. शिवाय दुकानाची उलाढाल ५ कोटींच्या आत, म्हणून ई-इन्व्हॉइसचं (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याचं) बंधनही नाही. (५२०चा अंदाज खरा ठरला असता तर पुढे तेही मागे लागलं असतं. अर्ज भरताना हा विचार कोणी केलेला दिसत नाही.)

माल कपाटातच राहिला आणि ३१ला साठ्यात मोजलाही गेला. एकच साडी 'माल' म्हणूनही मोजली आणि 'येणे' म्हणूनही. ९ एप्रिलला १५ क्रेडिट नोटा निघाल्या, कारण 'रंग पसंत नाही'. त्या एप्रिलच्या विवरणात, म्हणजे ११ मेपर्यंत दिसल्या. अर्ज एप्रिलअखेर आला असता तर कदाचित निभावलं असतं. मेच्या मध्यावर बँकेकडे एप्रिलचं विवरण होतं.

किरकोळ दुकानाची उधारी मुळात थोडी असते: बस्त्याची काही कुटुंबं, गणवेशाच्या साड्या घेणाऱ्या एक-दोन संस्था. ३८पैकी १४ एकाच गिऱ्हाइकाकडे, तेही शेवटच्या चार दिवसांत, हीच खूण पुरेशी होती. उरलेल्यांत ७ लाख गणवेशाच्या एका जुन्या ऑर्डरचे, सहा महिन्यांहून जुने आणि वादातले. ते चालू येण्यांत धरत नाहीत.

माल न देता बिल फाडणं हा जीएसटी कायद्याच्या कलम १२२खाली दंडाचा विषय आहे. १० हजार रुपये किंवा पुढे दिलेल्या करसवलतीइतकी रक्कम, यातलं जे जास्त ते. बँकेला चुकीची कागदपत्रं देण्याची जबाबदारी त्याहून वेगळी.

दहा दिवसांचं भांडवल

२८ मार्चला खात्यात मेहुण्याकडून १५ लाख आले. शिल्लक ५९वरून ४४वर आली. ७ एप्रिलला १५ परत गेले. ताळेबंदात ही रक्कम 'दीर्घ मुदतीचं विनातारण कर्ज' म्हणून बसवली होती आणि सोबत साध्या कागदावर तीन वर्षांची मुदत लिहिलेलं पत्रही होतं. दीर्घ मुदतीचं देणं चालू देण्यांत येत नाही, आणि कॅश क्रेडिट १५ने कमी दिसतं. म्हणून गुणोत्तर सुधारतं.

महिनाअखेरची शिल्लक न बघता रोजच्या शिल्लकेची सरासरी काढली की ही चाल उघडी पडते. पत्रापेक्षा खातेउतारा खरा. १५ मार्च ते १५ एप्रिल या महिन्याचा उतारा घ्यावा आणि आत येऊन पंधरा दिवसांत त्याच पार्टीकडे परत गेलेल्या प्रत्येक रकमेवर खूण करावी. अर्ध्या तासाचं काम आहे.

मोजणी

१६ मेला मॅडम न कळवता दुकानात गेल्या. बँकेच्या भेटी आजवर आदल्या दिवशी फोन करून होत असत. ती बँकेची चूक.

मोजताना पहिला प्रश्न जांगडचा विचारायचा. येवल्याच्या विणकराकडून पसंतीवर आणलेल्या, न खपल्यास परत करायच्या पैठण्या दुकानात असतात, पण दुकानाच्या नसतात. त्या खोक्यांवर चिठ्ठी वेगळी असते, जांगडवही वेगळी असते. ३१ मार्चच्या यादीत असा ४ लाखांचा माल घुसला होता. रिकाम्या खोक्यांवरही संशय होता, तो निराधार निघाला. ती फक्त शोभेचीच होती.

मग मागे मोजत जायचं. १६ मेला स्वतःचा माल खरेदी किमतीने १२१ भरला. १ एप्रिलपासूनची विक्री ६७.५, तिची मूळ किंमत ८३ टक्के धरून ५६. ती मिळवायची. त्या काळात खरोखर दुकानात आलेला माल ३९. तो वजा करायचा. १२१ अधिक ५६ वजा ३९, उत्तर १३८. जांगडचे ४ काढल्यावर ३१ मार्चचा साठाही १३८च होतो. जुळलं. वहीतली एप्रिल-मेची खरेदी धरली असती तर ती ५७ होती (त्यात सुरतेचे १८ आले) आणि उत्तर १२० आलं असतं. म्हणजे १४२ला २२ कमी. हा फरक १८ आणि ४चाच, आणि तो कागदावर न बघता कपाटं मोजून सापडला.

१३८मध्ये २१ लाखांचा माल तीन-चार वर्षं पडून असलेला होता: लॉकडाउननंतर हौसेने भरलेल्या डिजिटल प्रिंट, आणि काचेत उन्हात उभं राहून विटलेले नग. माल खरेदी किंमत किंवा विकून हाती येईल ती किंमत, यातल्या कमी किमतीला धरायचा असतो. व्यापाऱ्यांना विचारलं तर ९च्या वर कोणी बोलेना. १२ गेले. साठा उरला १२६.

नवा हिशेब

माल १२६, येणी १७, रोख ९, आगाऊ ६: १५८. देणी: कॅश क्रेडिट ५९, व्यापारी १०२, इतर १४: १७५. गुणोत्तर ०.९०.

उचल क्षमता, म्हणजे माल आणि येण्यांच्या जोरावर खात्यातून जास्तीत जास्त किती उचलता येईल तो आकडा, जिला बँकेत सगळे डीपी म्हणतात, तिचं चित्र याहून वाईट होतं. मालातून व्यापाऱ्यांची देणी वजा करून उरलेल्यावर २५ टक्के मार्जिन, आणि ९० दिवसांच्या आतल्या येण्यांवर ४० टक्के, असं मंजुरीपत्रात होतं. सजवलेल्या आकड्यांनी (१४२ वजा ८४)चे ७५ टक्के ४३.५, अधिक ३१चे (३८मधून जुने ७ वगळून) ६० टक्के १८.६, म्हणजे ६२.१. खऱ्या आकड्यांनी (१२६ वजा १०२)चे १८, अधिक १७चे १०.२, म्हणजे २८.२. आणि खात्यावर उचल ५९.

नफ्यात हे आधीच दिसायला हवं होतं. आरंभीचा माल ११८, खरेदी ३५२, अखेरचा माल १४२, विक्री ४३४: ढोबळ नफा १०६, म्हणजे २४.४ टक्के. आदल्या वर्षी तो १७.१ टक्के होता. त्याच रस्त्यावर, त्याच सुरतेच्या मालावर, भोवती डझनभर दुकानं असताना एका वर्षात सात टक्के जास्त नफा मिळत नाही. खरेदी ३७०, विक्री ४२० आणि माल १३८ घेतला की ढोबळ नफा ७०, १६.७ टक्के, म्हणजे जुन्या चालीवर. खर्च ८०. दाखवलेला निव्वळ नफा २६ होता, प्रत्यक्षात १० तोटा. जुन्या मालाचे १२ धरले तर २२, पण ते एकट्या या वर्षाच्या माथी मारणं बरोबर नाही.

२६चा नफा आयकर विवरणात तसाच गेला तर २०२४-२५च्या नव्या करपद्धतीने सेससह सुमारे ४.८९ लाख कर भरावा लागेल, न मिळालेल्या पैशावर. म्हणून असे मालक बँकेला एक ताळेबंद देतात आणि आयकराला दुसरा. तात्पुरत्या ताळेबंदावर फक्त मालकाची सही होती, यूडीआयएन, म्हणजे लेखापालाने सही केलेल्या कागदाचा ओळख क्रमांक, नव्हता. लेखापरीक्षित ताळेबंद हाती आला की त्यावरचा १८ अंक-अक्षरांचा यूडीआयएन सनदी लेखापालांच्या संस्थेच्या पोर्टलवर टाकून बघावा. दोन मिनिटं लागतात.

कायदेशीर सजावट किती पुरली असती

सगळीच सजावट खोटी नसते. समजा चालू मालमत्ता १८० आणि देणी १४०, गुणोत्तर १.२९. ३१ मार्चला हातातल्या ३०तून व्यापाऱ्यांची देणी भागवली तर १५० भागिले ११०, म्हणजे १.३६. यात काही गैर नाही. देणं खरंच फिटलं. पण हा उपाय गुणोत्तर एकच्या वर असेल तरच लागू पडतो. १५८ आणि १७५मधून ३० वजा करा: १२८ भागिले १४५, म्हणजे ०.८८. आणखी घसरलं. या सरळ मार्गाने आकडा वर नेता येत नव्हता. त्यामुळे बिलं दाबणं, बिलं फाडणं आणि दहा दिवसांचं भांडवल आणणं असे मार्ग धरले गेले. मालकाला ज्याने हा सल्ला दिला त्याला हे गणित नक्की येत होतं.

मोठ्यांचं तंत्र याहून फार वेगळं नसतं. अमेरिकेतल्या लेहमन ब्रदर्स या बँकेने 'रेपो १०५' नावाच्या व्यवहारांतून २००८च्या दुसऱ्या तिमाहीच्या अखेरीस सुमारे ५० अब्ज डॉलर ताळेबंदाबाहेर काढले आणि काही दिवसांत परत आणले. मेहुण्याचे १५ लाखच, फक्त शून्यं जास्त. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं वेगळं: ७ जानेवारी २००९च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी खोटी शिल्लक म्हणून कबूल केलेले ५,०४० कोटी कधी आलेही नव्हते, गेलेही नव्हते. आणि बँकाही मार्चअखेरीस ठेवींचा आकडा गाठायला खातेदारांना फोन करतात, "दोन दिवस ठेवा, तीन तारखेला काढा." अशा फोनची सवय असलेल्या दुकानदाराला दहा दिवसांचं भांडवल फारसं वावगं वाटत नसावं.

पुढे काय ठरलं

वाढ नामंजूर. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नव्हता. डीपी २८ आणि उचल ५९ असं सलग ९० दिवस राहिलं तर खातं अनुत्पादक (एनपीए) होतं. थकलेला भाग बँकेने स्वतःच मुदत कर्जात वळवला तर ती पुनर्रचना ठरून वर्गीकरण खाली येण्याचा धोका होता. म्हणून खातं नियमित असतानाच मालकाच्या ढोकाळीच्या फ्लॅटवर २४ लाखांचं वेगळं तारण कर्ज काढलं, चार वर्षांचं, मुद्दल दरमहा ५० हजार. काचेचे पैसे काचेच्या आयुष्यात फिटतील अशी मुदत. सोबत १० लाख खरं भांडवल, मुदत ठेव मोडून, आणि ते काढणार नाही अशी हमी. जुना माल आषाढातल्या सेलमध्ये ९ला काढायचा.

तिन्ही झाल्यावर उचल ५९वरून १६. माल ११७ उरतो, त्यामुळे डीपी २१.५. वर्षाचे ६ लाखांचे हप्ते चालू देण्यांत धरून गुणोत्तर १४९ भागिले १३८, म्हणजे १.०८. १.३३ अजून दूर आहे आणि या वर्षी ते येणार नाही. मोठी अडचण दुसरीच आहे: १६.७ टक्के ढोबळ नफ्यावर ८० लाखांचा खर्च निघायला विक्री ४८० लाख लागते, आणि ती ४२० आहे. नूतनीकरणानंतर वाढलेलं वीजबिल, पोटमाळा रिकामा होत असताना चालू असलेलं गोदामाचं भाडं आणि दोन जास्तीचे सेल्समन, याची छाटणी मालकानेच करायची आहे. बँकेला ती करता येत नाही.

बँकेने स्वतःसाठी तीन गोष्टी लिहून घेतल्या. मालाचं पत्रक यापुढे २बी आणि जांगडवहीच्या प्रतीसह घ्यायचं. देण्यांचा आकडा मालकाच्या यादीवरून न घेता पाच मोठ्या व्यापाऱ्यांना थेट पत्र पाठवून ताडायचा. भेटीची तारीख फोनवर सांगायची नाही. पहिली अचानक मोजणी सप्टेंबरात, पितृपक्षात ठेवली, कारण त्या पंधरवड्यात साडीच्या दुकानाकडे कोणी फिरकत नाही आणि कप्पे शांतपणे मोजता येतात.